मालबाबूचं सील

उत्तरेश्वरला वाडीत त्याच्या नावानं कुणी हाक मारत नसे. तो मालबाबू. चौतीस वर्षं रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी केली, डबे तपासले, पोती मोजली, दारांना सीलं ठोकली. मग रिटायर होऊन घाटनांदूरजवळच्या आपल्या वाडीला परत आला तो दोन गोष्टी घेऊन. एक म्हणजे शिशाचं सील दाबायची जाडजूड पकड, आणि दुसरी म्हणजे कुणाचंही काम बघून नाक मुरडायची सवय. "असं न्हाई करत," हे त्याचं पालुपद. मांडव घालणाऱ्यालाही ऐकवायचा, पिठाच्या गिरणीवाल्यालाही. माणूस खवट, पण हातात कसब आणि शब्दाला पक्का, म्हणून लोक ऐकून घ्यायचे.

वाडीच्या बाहेर लिंबाखाली सेवा सोसायटीचा एक कंटेनर पडलेला होता. खरा, जहाजावरून आलेला, वीस फुटी. सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव यांनी एके काळी खत ठेवायला म्हणून बंदरावरच्या भंगारातून तो उचलून आणला. पहिल्याच उन्हाळ्यात खत आतल्या आत शिजून दगड झालं. पहारीनं फोडून काढावं लागलं, बोला! तेव्हापासून तो कंटेनर नुसता कोंबड्यांना सावली द्यायच्या कामाचा राहिला. वाडी त्याला डबा म्हणायची.

आता वाडीत सात घरं ऊसतोडीची. दसरा झाला की भांडी, कोयते, लेकरं ट्रॅक्टरवर घालून ही माणसं सहा महिने कारखान्यावर जायची. मागं घरांना नुसती कुलपं. एका साली चोरांनी सातही घरं झाडून पुसून नेली. बायनाबाईचं तर जातंसुद्धा गेलं. बायनाबाई म्हणजे त्या सात घरांची न निवडलेली पुढारीण. ती आली तशी सोसायटीत शिरली आणि विठ्ठलरावांना म्हणाली, "तो डबा आमाला द्या. आमचं सामान त्यात कोंबून जाऊ." डबा मिळाला, पण किल्ली कुणाकडं ठेवायची यावरून सात घरांत अशी जुंपली की डबा राहिला बाजूला. शेवटी मालबाबू मध्ये पडला.

"असं न्हाई करत," तो म्हणाला. "कुलूप कुणी काढलं न् परत लावलं तर कळतंय का? सील करा. सील तुटलं की तुटलं. किल्लीचं नाव नगं."

तिथून रीत पडली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे आपापली पोती, पेट्या, वाकळा घेऊन डब्याशी जमायचे. माल भरेपर्यंत उत्तरेश्वर डब्याकडं पाठ करून, लिंबाकडं तोंड करून उभा राहायचा. हा नियम त्याचाच. "कुणाकडं काय हाय ते मला दिसायलाच नगं. मालबाबूनं सील बघायचं, माल न्हाई." दार लागलं की तो वळायचा. कडीतून तार ओवायची, शिशाची गोळी बसवायची आणि सगळ्यांदेखत पकड दाबायची. सहा महिन्यांनी माणसं परतली की बायनाबाई पुढं होऊन त्या गोळीवर अंगठा फिरवायची, उठलेला नंबर चाचपायची आणि म्हणायची, "शाबूत हाय." मगच तो तार तोडायचा आणि परत लिंबाकडं तोंड करायचा. नऊ वर्षं असं चाललं. त्या दोन शब्दांसाठी हा माणूस वर्षभर जगत होता म्हणा ना. बायको वत्सलाबाई चिडवायची, "तुमाला पेन्शनीपरीस त्या शिश्याचं लई कवतिक."

पकड मात्र त्याच्याच घरात खुंटीला टांगलेली असायची. ज्याच्या हातात पकड, त्याला सील तोडून दुसरं लावता येतं, हे नऊ वर्षांत कुणाच्या मनात आलं नाही. त्याच्याही नाही.

ते साल दोन हजार पंधराचं. दुष्काळाचं लागोपाठ तिसरं. विहिरीत कबुतरं राहायला आली होती. टँकर आला की बाया घागरींनी एकमेकींना ढुसण्या द्यायच्या. ज्वारी पेरायचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्या दसऱ्याला सातही घरांनी जी काय मागल्या सालाची ज्वारी उरली होती ती राख न् लिंबाचा पाला घालून डब्यात ठेवली. तोडीवरून आल्यावर पुढचा पाऊस पडेस्तोवर त्याच ज्वारीवर काढायचं होतं. बायनाबाईनं सील करताना तेवढं बोलून दाखवलं. "बाबू, औंदा सामान गेलं तरी चालंल. दाणे ऱ्हायले पायजेत."

"सील हाय तोवर दाणे हायत," तो ऐटीत म्हणाला होता.

आणि मग जानेवारीत विठ्ठलरावांच्या डोक्यात किडा शिरला. मार्चमध्ये अंबाजोगाईला सहकाराचं प्रदर्शन भरणार होतं, तिथं आपल्या सोसायटीच्या टेबलावर काहीतरी झकास पाहिजे. "बाबू, तुमी त्या छोट्या रेल्वेगाड्या करता न्हवं? एक मालगाडी करा. आपल्या भागातली साखर कंटेनरातून बंदरावर चाललीय, असं दाखवा."

ऊस रानात वाळून चिपाड झालेला आणि हे साखर धाडायला निघाले! पण उत्तरेश्वरला त्याचं काय? चार वर्षं तो तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून इंजिनं आणि वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, करत होता, आणि बघायला घरातल्या पालींशिवाय कुणी नव्हतं. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

वाघिणी जमल्या. बत्तीस पट लहान मापाच्या सहा सपाट वाघिणी, प्रत्येकीवर दोन कंटेनर, म्हणजे बारा. खरी पंचाईत कंटेनर निवडण्याची. विठ्ठलराव पुण्याहून प्लास्टिकचे बारा तयार डबे घेऊन आले. सगळे लांबलचक, सगळे हिरवेगार, चकचकीत.

उत्तरेश्वरनं एक हातात घेतला, उलटा केला आणि टेबलावर ठेवून दिला. "हे चाळीस फुटी. यात कापड जातं, खेळणी जात्यात, हलका माल. साखर वजनदार. ती वीस फुटीतच जाती. चाळीस फुटीत साखर गच्च भरली तर उचलणारा क्रेनवाला शिव्या देईल."

"आता टेबलावरच्या गाडीला कोण क्रेन लावायलंय?"

"आन् सगळे हिरवे कावून? मालगाडी हाय, लग्नाची वरात न्हाई. बारा कंटेनर म्हंजे बारा घरचे. कुणी तांबडा, कुणी निळा, कुणाचा रंग उडालेला, कुणाच्या कुशीला पोचा, कुणाचं जुनं नाव पुसून वर नवं लिवलेलं. एका रंगाची गाडी बघितली की शाणा माणूस म्हणंल, ह्यानं कधी मालधक्का बघितलेला न्हाई."

विठ्ठलरावांनी हात जोडले आणि त्याला हवं तसं करू दिलं. मग हा बाबा महिनाभर जेवणावरून उठून पत्र्याशी बसू लागला. कंटेनरच्या अंगाला जी उभी पन्हाळी असते, ती आणायला त्यानं सायकलच्या तारा ओळीनं फळीवर ठोकल्या आणि पत्रा त्यांवर दाबून काढला. कोपऱ्यावरची भोकं, दारावरचे चार उभे दांडे, इंग्रजी चार अक्षरं आणि सात आकडे, त्यातला शेवटचा चौकटीत, असं सगळं त्यानं एका केसाच्या कुंचल्यानं रंगवलं. नमुन्याला लिंबाखालचा डबा होताच. रोज जायचा, मापं घ्यायचा. पश्चिमेकडच्या उन्हानं तांबडा रंग विटून कसा विटकरी झालाय, ते तासतासभर उभा राहून बघायचा. बारातला एक तर त्यानं थेट त्या डब्याचंच रूप केला, नंबरासकट.

फोटो काढून त्यानं फोनवरच्या मंडळात टाकले. अशा छोट्या गाड्या करणारे चाळीसेक शौकीन त्या मंडळात होते. त्यांत पुण्याचे साठे नावाचे इंजिनियर म्हणजे मोठं प्रस्थ. साठेंनी लिहिलं, "काका, बाहेरून उत्तम. पण दारं नुसती रंगवलेली दिसतात. एक तरी उघडणारं हवं होतं. नाहीतर साबणाची वडी आणि कंटेनर यांत फरक काय?" खाली पाच-सहा जणांनी हसणारी तोंडं टाकली.

साबणाची वडी! तीन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. एक दार उघडणारं करायचंच, असं त्यानं ठरवलं. पण दार आतून कसं दिसतं? धक्क्यावर कंटेनर यायचे ते सीलबंदच यायचे आणि तसेच पुढं जायचे. पन्हाळी आतही तशीच असते का? दाराच्या कडेचं रबर कुठून कुठं जातं? फरशी लाकडाची, पण फळ्या उभ्या की आडव्या? साठेंना विचारलं असतं तर त्यांनी तासाभरात दहा फोटो धाडले असते. पण विचारायचं म्हणजे चौतीस वर्षांच्या मालबाबूला कंटेनर आतून माहीत नाही, हे चाळीस जणांसमोर कबूल करायचं. ते त्याच्यानं होईना.

फेब्रुवारीतली एक दुपार. उन्हानं वाडीत कुत्रंसुद्धा रस्त्यावर नव्हतं. उत्तरेश्वर पकड, तार, शिशाच्या दोन गोळ्या आणि माप घ्यायची टेप पिशवीत घालून लिंबाखाली गेला. पाच मिनिटांचं काम, त्यानं स्वतःला बजावलं. आत पाय ठेवायचा न्हाई, मालाकडं बघायचं न्हाई. दाराची आतली बाजू बघायची न् लावून टाकायचं. सील माझंच हाय, मीच लावलेलं.

तार कट्कन तुटली. जन्मात त्यानं हजारो सीलं तोडली होती, पण दर वेळी समोर साक्षीदार असायचा. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी त्यानं दांडा फिरवला आणि उजवीकडचं दार हातभर ओढलं.

बघण्यासारखं जे होतं ते त्यानं बघितलं, मापलं, वहीत उतरवलं. रबराला दोन ओठ असतात, हे त्याला नवीन कळलं. ते रबर वाळून भेगाळलं होतं. आणि मग दारातून आत गेलेलं ऊन थेट एका पेटीवर पडलं. निळी पत्र्याची पेटी, तिच्यावर लाल चोचीचे दोन पोपट. पेट्यांवर पोपट समोरासमोर असतात. हे दोघं एकमेकांना पाठ करून बसलेले, नवराबायकोचं वाजल्यागत. रंगवणाऱ्यानं काय नशा केली होती कोण जाणे! पेटीवर हिरव्या ठिगळाची वाकळ, बाजूला तांबड्या चिंधीनं तोंड बांधलेली पोती. मालाकडं बघायचं नाही असं ठरवलेला हा माणूस ते पोपट बघून हरखून उभा राहिला.

तेवढ्यात रस्त्यानं मोटरसायकलचा आवाज आला. त्यानं झटक्यात दार लोटलं, दांडा फिरवला, तार ओवली, पकड दाबली. दार नीट बसलं नव्हतं. रबर खालच्या कोपऱ्यात मुडपलं होतं, दांड्याचं खालचं टोक खोबणीत शिरलं नव्हतं, बोटभर फट राहिली होती. आणि हे त्यानं बघितलं. नंतर कुणी म्हणेल की घाईत दिसलं नसेल, म्हणून सांगून ठेवतो, त्याला दिसलं होतं.

उद्या येऊन नीट बसवू, असं म्हणून तो घरी गेला. पण उद्या बसवायचं म्हणजे परत एक सील तोडायचं. एकदा तोडलं ती चूक झाली म्हणता येतं. दुसऱ्यांदा तोडलं तर त्याला काय म्हणायचं? शिवाय प्रदर्शन तोंडावर आलं होतं. तो गेला नाही.

चिमुकल्या दाराला त्यानं घड्याळातल्या स्प्रिंगची बिजागरी केली. आतली फरशी केली. मग रिकामा डबा त्याला मेल्यासारखा वाटू लागला, म्हणून कापडाची छोटी पोती शिवून तांबड्या दोऱ्यानं तोंडं बांधली आणि पुढं अंगठ्याएवढी निळी पेटी ठेवली. वत्सलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, वाकून बघितलं आणि थबकली.

"आवं, ही तर बायनाची पेटी. तिच्या लग्नातली. गावात असले उफराटे पोपट दुसऱ्या कुणाचे हायत?"

"अशा पन्नास पेट्या असत्यात."

वत्सलाबाईनं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं, तांब्या ठेवला आणि चुलीकडं गेली. त्यानंही मान वर केली नाही.

मार्च लागता लागता एका दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं झालं आणि गारांसकट असा पाऊस कोसळला की पत्र्यावर कुणी खडी ओततंय असं वाटावं. दोन तास वारं थेट पश्चिमेचं. डब्याचं दार पश्चिमेला. डब्याची मागली बाजू जमिनीत थोडी खचलेली. हे सगळं उत्तरेश्वरला पाठ होतं, मापं त्यानंच घेतली होती. घरात बसून तो रंगाच्या वाट्या पुसत राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही म्हणून गेला. सील जागेवर होतं. फटीपाशी रबर ओलं, काळं पडलेलं होतं. तिकडं त्यानं फार वेळ बघितलं नाही. मालबाबूनं सील बघायचं असतं, तो स्वतःशी म्हणाला, आणि त्याच वाक्याच्या आडून घरी परतला.

प्रदर्शनात काय झालं ते विचारू नका! टेबलाभोवती ही गर्दी. सहकार खात्याच्या एका मोठ्या साहेबानं नखानं ते चिमुकलं दार उघडलं, आत डोकावला आणि ओरडलाच, "अरे, आत पेटीसुद्धा आहे! तिच्यावर पोपट!" मग रांगच लागली. पहिला नंबर, शाल, नारळ, विठ्ठलरावांची छाती दोन इंच वर. रात्र होण्याआधी साठेंचा संदेश आला, "काका, मानलं. आतला माल अगदी जिवंत आहे." तो संदेश त्यानं वाटेत अकरा वेळा वाचला. जिवंत हा शब्द प्रत्येक वेळी कुठंतरी टोचत होता, तरी वाचला.

त्यानंतर आठच दिवसांत ट्रॅक्टर आले. ऊसच कमी, त्यामुळं कारखान्यांचा पट्टा लवकर पडला, म्हणजे हंगाम आटोपला. माणसं पाडव्याच्या आधीच परतली. उन्हानं रापलेली, पाचटानं हातपाय कापलेली. घरं झाडायच्या आधी सगळी डब्याशी जमली. बायनाबाईनं पदरानं हात पुसला, शिशावर अंगठा फिरवला, आणि नेहमीसारखं ठणकावून म्हणाली, "शाबूत हाय."

उत्तरेश्वरनं तार तोडली.

दार उघडलं तसा वास आला. आंबूस, उबट, नाकात बसणारा. पुढची माणसं मागं सरली. खालच्या पोत्यांतून पांढरे कोंब बाहेर येऊन, वाळून, काळे पडले होते. वरच्या पोत्यांवर हिरवी बुरशी. वाकळ हात लावताच फाटली. निळ्या पेटीचं बूड गंजून फरशीला चिकटलं होतं. बायनाबाईनं तांबडी चिंधी सोडली आणि कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आला तो काळा चिकट गोळा. तिनं तो हुंगला, पण टाकला नाही, तसाच मुठीत धरून उभी राहिली.

"जनावर बी तोंड लावायचं न्हाई ह्याला," ती म्हणाली.

कुणीतरी रडायला लागलं. सात घरांची ज्वारी, पोत्यामागून पोतं, त्यांनी बाहेर काढली आणि लिंबाखाली ओतली. एक पायलीभर धड दाणा निघाला नाही. तीन वर्षं पाऊस नाही, आणि एका दिवसाच्या पावसानं हे!

"गारांच्या दिवशी पाणी शिरलं असंल," बायनाबाईचा नवरा आश्रुबा म्हणाला. "पण कुठनं?" त्यानं छपराकडं बघितलं. "वरून. दुसरं कुठनं? दार तर बंदच व्हतं. सील शाबूत हाय म्हणल्यावर दाराला कुणाचा हात लागलेला न्हाई. छप्पर सडलंय."

सगळ्यांना पटलं. पटणारच. नऊ वर्षं त्या शिशानं खोटं सांगितलेलं नव्हतं.

उत्तरेश्वरनं तोंड उघडलं. मग मिटलं आणि मान खाली घातली. त्याची ती अवस्था बघून बायनाबाईनं मुठीतला गोळा खाली ठेवला, हात पदराला पुसला आणि त्याच्याजवळ आली. "बाबू, तुमी कावून मान खाली घालता? तुमचा काय दोष? तुमी तुमचं काम चोख केलं." वर लेकीला सांगून तिनं त्याच्यासाठी चहा टाकायला लावला. घरात दाणा नाही, आणि पहिला चहा कुणाला, तर ह्याला! तो त्यानं उभ्यानं प्यायला. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. माणसांनी शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं, आणि तसं वाटलं याचीही लाज वाटली, कारण शिव्या खायला तोंडानं सांगावं लागतं, आणि तेच तर तो करत नव्हता.

विठ्ठलराव येऊन गेले. तहसीलला धान्यासाठी बोलतो म्हणाले. बोलतो म्हणणं सोपं असतं. त्या संध्याकाळी वत्सलाबाईनं घरातली अर्धी ज्वारी मापून बायनाबाईकडं नेऊन दिली. त्याला विचारलंही नाही. परत येऊन तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. त्यानं ती मोडली आणि ताट बाजूला सारलं. समोर फळीवर बारा कंटेनरांची गाडी उभी, खुंटीला शाल.

सकाळी वत्सलाबाई अंगण झाडता झाडता म्हणाली, "डब्याच्या छपराला डांबर लावायलेत म्हणं. आश्रुबा वर चढलाय." एवढंच म्हणाली. पण झाडू थांबला होता आणि नजर फळीवर होती.

ते मात्र त्याला ऐकवलं नाही. पाच महिने ऊस तोडून आलेली, उपाशी माणसं उन्हात तापलेल्या पत्र्यावर चढून नसलेलं भोक बुजवत होती. रस्त्यावरून डांबराचे तुकडे वेचून आणले असतील. आणि दसऱ्याला परत त्याच डब्यात माल भरणार, परत त्याच्या भरवशावर, तो परत झाडाकडं तोंड करून उभा राहणार. उत्तरेश्वर उठला. वाघिणीवरून तो एक कंटेनर काढला, खुंटीवरची पकड घेतली आणि अनवाणीच निघाला.

लिंबाखाली तीन दगडांच्या चुलीवर पिंपाच्या तुकड्यात डांबर उकळत होतं. बायनाबाई काठीनं ढवळत होती. वर आश्रुबा आणि आणखी दोघं गुडघ्यांवर बसून पत्र्यावरून हात फिरवत होते.

"भोक काय घावंना बे," वरून आश्रुबाचा आवाज आला. "सगळीकडंच लावून टाकू."

उत्तरेश्वरनं पकड चुलीजवळच्या दगडावर ठेवली आणि कंटेनर बायनाबाईपुढं धरला. वीतभर लांब, विटकरी तांबडा, नंबरासकट.

"हीच व्हय ती बक्षिसाची गाडी?" तिनं काठी बाजूला ठेवली. "लई झ्याक केलीय. पण आता खेळणं बघायला येळ कुठं हाय, बाबू?"

"दार उघड त्याचं."

"माझे हात डांबराचे हायत."

"असू दे. उघड."

तिनं करंगळीच्या नखानं दार ओढलं. आत पोती होती, तांबड्या दोऱ्यानं बांधलेली. तिला हसू आलं, थोडंसंच. मग तिनं तो छोटा डबा उजेडाकडं फिरवला आणि डोळ्यांजवळ नेला. निळी पेटी. हिरव्या ठिगळाची घडी. एकमेकांना पाठ करून बसलेले दोन पोपट.

तिचं हसू गेलं. त्या चिमुकल्या पोपटांवर तिनं बोट ठेवलं, मग मान वळवून त्या मोठ्या डब्याकडं बघितलं. भरताना, काढताना हा माणूस नेहमी पाठमोरा असायचा. ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"कवा?" तिनं विचारलं.

"फेब्रुवारीत. दुपारचा. आतून दार कसं असतंय ते बघायला सील तोडलं. दुसरं लावलं." त्यानं दगडावरच्या पकडीकडं बोट केलं. "बंद करताना दार नीट बसलं न्हाई. खाली फट ऱ्हायली. मला दिसली व्हती, बायना."

ते शेवटचं वाक्य गिळलं असतं तरी चाललं असतं. ते कुणाला कधी कळलं नसतं. पण आता त्यानं सांगून टाकलं, आणि मान खाली न घालता तिच्यासमोर उभा राहिला. तेवढंच त्याच्या हातात होतं.

डांबराला बुडबुडे येत होते. बायनाबाईनं ते छोटं दार लोटलं. ते टच्कन बसलं. सील चाचपायची तसा तिनं त्यावरून अंगठा फिरवला, वरून खालपर्यंत, खालच्या कोपऱ्यात जरा जास्त वेळ. कुठं केसाएवढी फट नव्हती.

"हे बरं नीट बसतंय," ती म्हणाली.

कंटेनर तिनं त्याच्या हातात परत दिला. विटकरी रंगावर तिच्या बोटांचे काळे ठसे उठले होते. मग तिनं वर बघून हाक मारली, "आवं, उतरा खाली. छपराला काय झालेलं न्हाई."

"मंग पाणी आलं कुठनं?" आश्रुबा वरून ओरडला.

"उतरा तर. बाबू सांगत्याल."

छपरावरचे तिघं शिडीकडं सरकले. उत्तरेश्वर तो छोटा डबा दोन्ही हातांत धरून शिडीच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला.